वामनकाका आणि बिनखिडकीची कंपनी

आमच्या वामनकाकांना कुणी लग्नाची पत्रिका दिली, की ती वाचायच्या आधी ते तिचा उजवा कोपरा फाडतात आणि देणाऱ्याच्या हातात ठेवतात. "अर्धं तुमच्याकडं ठेवा," म्हणतात, "म्हंजे उद्या कोनी खोटं बोलाया नको." पत्रिका द्यायला आलेला नवऱ्याचा बाप बाहेरगावचा असेल, तर त्याचा चेहरा पाहण्यासारखा होतो. आमच्या नवापुरात मात्र आता कुणी रागवत नाही. माझ्या चुलतभावाने तर आपल्या पत्रिकेच्या कोपऱ्यात टिंबांची रेघच छापून घेतली होती, काकांना सरळ फाडता यावी म्हणून.

काका बोईसरच्या जुन्या टॉकीजमध्ये तीस वर्षं तिकिटाच्या खिडकीत बसले. ती टॉकीज पाडून तिथे कपड्यांचं दुकान झालं, पण काकांच्या अंगातली खिडकी काही पाडता आली नाही. त्यांच्या कपाटात अजून जुने 'प्लॅन' आहेत. प्लॅन म्हणजे थेटरातल्या खुर्च्यांचा छापील नकाशा. तिकीट विकलं की त्या खुर्चीवर निळ्या पेन्सिलीने फुली मारायची. काका नुसती फुली मारत नसत, कुठल्या खुर्चीवर कोण बसणार याचा विचार करून मारत. एकमेकींशी न बोलणाऱ्या जावा एका रांगेत येणार नाहीत, ज्यांना सारखं उठावं लागतं ते म्हातारे कडेला बसतील, कमी ऐकू येणारा स्पीकरखाली बसेल, अशी त्यांची व्यवस्था असे. ज्यांचं लग्न जमवायचं घाटत होतं अशी एक जोडी त्यांनी 'चुकून' शेजारी बसवली होती. त्या जोडीचा धाकटा मुलगा आता माझ्याबरोबर तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत नोकरीला आहे.

आमच्या गावाचं सिनेमाला जाणंही जगावेगळं. जग शुक्रवारी सिनेमाला जातं, आम्ही अष्टमीला जातो. कारण साधं आहे. आमच्याकडची डोलीची, म्हणजे पिशवीसारखी, जाळी पाण्याच्या ओढीवर भरतात. अमावास्या-पौर्णिमेला समुद्राला उधाण असतं, तेव्हा बोटी बाहेर. अष्टमीच्या आसपास पाण्याची ओढ मरते, त्याला आम्ही भांग म्हणतो. भांगाला जाळं टाकून उपयोग नाही, म्हणून बोटी किनाऱ्याला, माणसं घरात आणि दोन दिवसांत बायका त्या माणसांना वैतागलेल्या. म्हणून भांगाला सगळं गाव सिनेमाला. जुन्या टॉकीजच्या मालकाला काकांनी हे पक्कं शिकवलं होतं. चांगला सिनेमा भांग येईपर्यंत तो उतरवत नसे.

मग ती कंपनी आली. घरबसल्या मोबाइलवर सिनेमाची तिकिटं विकणारी. नाव सांगत नाही, तुमच्याही खिशात ती असेल. काका तिला 'बिनखिडकीची कंपनी' म्हणतात. सुरुवातीला तिचा एक माणूस टॉकीजमध्ये आला, काकांना नमस्कार करून म्हणाला, प्रत्येक खेळाच्या दहा खुर्च्या आम्हाला द्या, बाकीच्या तुमच्याच. काकांनी प्लॅनवर दहा खुर्च्यांभोवती लाल चौकोन काढला आणि त्याला चहा पाजला. पुढच्या वर्षी चौकोन अर्ध्या प्लॅनएवढा झाला. त्याच्या पुढच्या वर्षी कंपनीचा माणूस आला तो प्लॅनच मागायला. त्या दिवशी आपण त्याला चहा पाजला नाही, हे काका अजून अभिमानाने सांगतात.

तेव्हापासून त्यांचं कंपनीशी उभं वैर. त्यातला सगळ्यात मोठा मुद्दा सोयीच्या पैशाचा. तिकिटाच्या वर कंपनी जे पैसे घेते त्याला ती सोयीचे पैसे म्हणते, आणि ते ऐकलं की काका विचारतात, "कोनाची सोय?" खिडकीत माणूस नको, पंखा नको, कागद नको, मग सोय झाली ती त्यांची आणि पैसे आम्ही का द्यायचे? मी निमूटपणे ते पैसे भरतो, आणि काका माझ्याकडे वाया गेलेल्या पोराकडे बघावं तसं बघतात. हळूहळू हा प्रश्न सगळीकडे पसरला. मनोरच्या एका लग्नात हातात ताट घेऊन उभ्याने जेवायची वेळ आली, तेव्हा काकांनी भर मांडवात वाढप्याला विचारलं, "कोनाची सोय?" आणि मुलीच्या बापाने घाईघाईने कुठूनतरी एक खुर्ची पैदा केली.

कंपनीच्या बाकीच्या भानगडीही त्यांना तोंडपाठ. तिकीट काढताना न विचारता एक रुपया दानात धरलेला असतो, तो त्यांनी माझ्या मोबाइलवर पकडला. दान करायला त्यांची ना नाही, पण दुसऱ्याच्या खिशात हात घालून केलेल्या दानाला आपल्याकडे वेगळं नाव आहे, असं त्यांचं म्हणणं. एकदा शुक्रवारी सकाळी पहिला खेळ सुटायच्या आधीच हजारो लोकांनी सिनेमा फार आवडल्याचं तिथे लिहिलं होतं. काकांनी विचारलं, अंधारात बसून लिवलं काय? आणि एका परदेशी गायकाच्या कार्यक्रमाची तिकिटं पापणी लवायच्या आत संपून कितीतरी पट भावाने दुसरीकडे विकली जाऊ लागली, तेव्हा तर त्यांनी पेपर माझ्या ओट्यावर आणून आपटला. "आमच्या वेळी काळाबाजारवाला उन्हात उभा रायाचा," म्हणाले. "त्याचं तोंड तरी दिसायचं." हे बोलताना त्यांचा आवाज जरा जास्तच चढला, एवढं मला तेव्हा जाणवलं होतं.

खोटं कशाला सांगू, मला त्यांचा कंटाळाही यायचा. दमून घरी यावं, खुर्चीत टेकावं, आणि समोर काका कंपनीला लिहिलेलं पत्र वाचून दाखवायला हजर. पत्रं पोस्टाने जात. कंपनीचा पोस्टाचा पत्ता शोधून देण्यातच माझा एक रविवार गेला होता.

तर यंदा एक मोठा हिंदी सिनेमा आला. समुद्र, बोटी, वादळ, सगळं त्यात. गावाने ठरवलं, येणाऱ्या भांगाला हाच. भांग पडत होता मंगळवारी. बोईसरच्या नव्या थेटरात तोपर्यंत काका कसेबसे खिडकीवरच तिकिटं घेत आले होते. या वेळी ते गेले तर खिडकीला आतून पडदा, बाहेर पाटी: तिकिटं फक्त ऑनलाइन. काकांनी ती पाटी दोनदा वाचली आणि पायी घरी आले. बोईसर ते नवापूर. रिक्षात बसले असते तर राग उतरला असता, असं काकूंना सांगत होते.

पण गावाला शब्द दिला होता. बासष्ट माणसं. काकांनी मान खाली घातली आणि माझ्याकडे आले. कंपनी एका वेळी दहाच तिकिटं देते, हे कळल्यावर त्यांनी त्यावरही तोड काढली. शनिवारी दुपारी शेजारपाजारचे सात मोबाइल गोळा केले, माझ्या ओट्यावर एका ओळीत मांडले, मध्ये स्वतःच्या हाताने काढलेला प्लॅन ठेवला, आणि मला एकेक खुर्ची सांगू लागले. पैसे सगळे त्यांच्या एकाच बँक कार्डावरून. सातव्या मोबाइलवरची दोन तिकिटं निघाली तेव्हा त्यांनी प्लॅनवर शेवटची निळी फुली मारली, आणि बऱ्याच वर्षांनी मी त्यांना आनंदात पाहिलं.

तासाभरात सातही मोबाइल एकदम वाजले. तिकिटं रद्द. पैसे काही दिवसांत परत मिळतील. आणि खाली इंग्रजीत एक ओळ, की तिकिटांच्या अनधिकृत पुनर्विक्रीच्या संशयावरून हे कार्ड आणि ही खाती थांबवण्यात येत आहेत.

काकांनी मला अर्थ विचारला. मी घोळवत घोळवत सांगायला गेलो, तर म्हणाले, सरळ सांग. मी सांगितलं, त्यांना वाटतंय तुम्ही तिकिटं ब्लॅक करता.

मला वाटलं आता गाव डोक्यावर घेतील. पण त्यांनी प्लॅनची घडी करून खिशात ठेवली आणि घरी गेले. संध्याकाळी काकू विचारायला आल्या, यांना काय झालंय, जेवायला उठत नाहीत.

रविवारी सकाळी मात्र काका दाढी करून हजर. सिनेमा गेला खड्ड्यात, म्हणाले, पहिलं माझ्या नावावरचं ते पुसायचं. आम्ही कंपनीच्या मदतकक्षाशी बोलायला बसलो. तिथे एक यंत्र होतं. आम्ही काहीही लिहिलं तरी ते 'आपली गैरसोय आम्ही समजू शकतो' असं उत्तर द्यायचं. चौथ्यांदा तेच आलं तेव्हा काका म्हणाले, तिला विचार तू जेवलीस काय. मी विचारलं. तिने त्यांची गैरसोय समजून घेतली. शेवटी कुठूनतरी एक अर्ज उघडला. एवढी तिकिटं एकदम का काढली ते लिहा, मर्यादा तीनशे अक्षरं.

काका ओट्यावर ताठ बसले आणि सांगू लागले. मी टाइप करत होतो.

"ल्हि. मी वामन तामोरे. तीस वर्सं खिडकीत बसलो. एक तिकीट भावाच्या वर विकलं नाय. विकू दिलं बी नाय." इथपर्यंत आवाज खणखणीत होता. मग म्हणाले, "माझा सख्खा भाव दामू. टॉकीजच्या भायेर ब्लॅक करताना मी सोता धरला त्याला. अकरा तिकिटं होती. गर्दीसमोर गचांडी धरली आनि डोअरकीपरला सांगितलं, याला परत दारातून आत सोडायचा नाय. मालकानं पोलीस बोलावले. एक दिवस चौकीत होता. सुटला तो घरी आला नाय, बोटीवर बसून जाफराबादला गेला. आय वारली तवा आला, माझ्याशी बोलला नाय. अठ्ठावीस वर्सं झाली."

शेवटी शेवटी मी टाइप करायचं थांबलो होतो. दामूकाका गुजरातेत असतो हे मला माहीत होतं. का गेला, हे गावात कुणी बोलत नसे.

"कशापायी करत होता, ते मी विचारलंच नाय," काका म्हणाले. "तिकीट खरं का खोटं एवढंच बघितलं."

त्यांनी विचारलं, किती अक्षरं झाली. मी म्हटलं, मर्यादा कधीच उलटली. मग म्हणाले, दामूचं सगळं खोड, ते त्यांच्यासाठी नाय. त्यांना एवढंच लिव, गावाची बासष्ट माणसं हायेत, या आनि मोजा.

अर्ज गेला. पण काका उत्तराची वाट पाहत बसणाऱ्यांतले नव्हेत. सोमवारी सकाळी त्यांनी सगळं गाव बोईसरला नेलं. थेटराच्या त्या बंद खिडकीसमोर बासष्ट माणसांची रांग लागली. कुणी हसलं, कुणी मोबाइलमध्ये चित्रण केलं. अर्ध्या तासाने पाय दुखायला लागले, तेव्हा बायकांनी बाजारात करतात तेच केलं. मासळीबाजारात बाईला उठून जायचं असेल तर ती आपल्या जागेवर मासळीची पाटी, म्हणजे टोपली, ठेवून जाते, आणि मग ती जागा कुणाच्या बापाला घेता येत नाही. सगळ्याजणींनी आपापल्या जागी पाट्या ठेवल्या आणि त्या समोर सावलीत जाऊन बसल्या. पुरुषांच्या जागाही त्यांनी पाट्या ठेवूनच धरल्या. सकाळच्या बाजारातून थेट आलेल्या पाट्या, धुतलेल्या नाहीत. काचेची दारं बंद असली, तरी एसीने वास आत ओढून घेतला. पाऊण तासात मक्याच्या लाह्यांचा वास कुठे गेला कळलं नाही, सगळीकडे फक्त सुके बोंबील.

व्यवस्थापक धावत आला. त्याने दारावरच्या पहारेकऱ्याला पाट्या उचलायला सांगितलं. पहारेकरी मनोरकडचा, त्याला बाजार ठाऊक होता. तो म्हणाला, "साहेब, नोकरी घ्या. बायांच्या पाटीला मी हात लावनार नाय."

मग व्यवस्थापक काकांकडे वळला. "चाचा, खिड़की बंद है," म्हणाला. "ऊपर से ऑर्डर है."

काका रांगेत पहिले उभे होते, एकटेच, पाटी न ठेवता. त्यांनी शांतपणे उत्तर दिलं, "वर कोन हाय ते मला ठाव नाय. खाली आमी बासष्ट हाय."

व्यवस्थापकाने एकदा पाट्यांकडे पाहिलं, एकदा नाकाला रुमाल लावला, आणि खिडकीचा पडदा वर गेला. आतल्या मुलीला संगणक चालू करायला वेळ लागला. काकांनी खिशातून प्लॅन काढला आणि एकेक खुर्ची सांगायला सुरुवात केली. मंगळवारचा दुपारी तीनचा खेळ, बासष्ट तिकिटं, कागदावर छापलेली. वर एक पैसा नाही. जावा वेगळ्या रांगेत, म्हातारे कडेला. ती मुलगी शेवटी म्हणाली, अंकल, तुम्ही इथेच नोकरीला या. काकांनी तिला सांगितलं, या खिडकीचा पडदा काढून टाक, मग बघू.

संध्याकाळी कंपनीचं उत्तर आलं. चौकशीअंती संशय दूर झाला आहे, कार्ड आणि खाती पूर्ववत केली आहेत, गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत, सोबत सवलतीचं कूपन. मी ते वाचून दाखवलं. कूपन परत पाठवता येतं का, हे काकांनी आधी विचारलं. येत नव्हतं. मग 'संशय दूर झाला आहे' ही ओळ त्यांनी माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. मला वाटलं, आता उठतील. ते उठले नाहीत. ओट्याच्या कडेवरची रेती बोटाने झाडत बसले.

"त्या तुझ्या कंपनीत," शेवटी म्हणाले, "दुसऱ्या गावचं तिकीट निघतं काय?"

मी म्हटलं, कुठलंही निघतं.

"जाफराबादच्या बाजूचं बघ. उद्याचं, तीनचंच. हाच सिनेमा." आणि मी विचारायच्या आधीच म्हणाले, "भांग तिकडं बी हाय. बोट किनाऱ्याला असल त्याची."

जाफराबादजवळच्या एका मोठ्या गावात तो सिनेमा लागलेला निघाला. काकांनी मोबाइल हातात घेऊन तिथल्या खुर्च्यांचा नकाशा बराच वेळ न्याहाळला. दारू पिऊन येणारे मागे बसतात, पुढे मान दुखते, पंख्याची जागा कळत नाही, असं पुटपुटत शेवटी मधल्या रांगेतली एक खुर्ची ठरवली. तिकिटावर सोयीचे पैसे आले. काकांनी आकडा बघितला आणि कार्डाचा नंबर सांगितला. दामूकाकाचा फोन नंबर त्यांच्या खिशातल्या वहीत होता, एका पुतण्याकडून कधीतरी घेतलेला. सोबत काय लिहू, मी विचारलं. काही लिहू नको, म्हणाले, नुसतं तिकीट पाठव. वाचल्याच्या दोन खुणा निळ्या झाल्या. उत्तर काही आलं नाही.

मंगळवारी सगळं गाव नटूनथटून थेटरात. पावणेतीन झाले तरी काका आत जायचं नाव घेईनात. प्रत्येक माणूस आपल्या खुर्चीवर बसला का ते बघून आले आणि बाहेर पायरीवर उभे राहिले. मी त्यांना न्यायला आलो, तेवढ्यात माझा फोन वाजला. गुजरातेतला नंबर. मी फोन काकांच्या हातात दिला.

पलीकडचा माणूस खूप मोठ्याने बोलत होता, त्याच्या मागे रस्त्याचा आवाज होता, त्यामुळे मलाही ऐकू येत होतं.

"मी दारावर उभा हाय," दामूकाका म्हणत होता. "इकडं लोकांच्या हातात कागुद बी नाय, मोबाइल दावून आत जातात. मला घेतील काय?"

काकांनी भिंतीला हात लावला.

"घेतील," ते म्हणाले. "तिकीट खरं हाय. जा तू आत." आणि मग घसा खाकरून, खिडकीत बसायचे त्या जुन्या आवाजात म्हणाले, "कोनी अडवलं त माझं नाव सांग."

फोन त्यांनी ठेवला नाही, कानाला तसाच घट्ट धरून उभे राहिले. थोड्या वेळाने पलीकडे कसलासा बीप झाला, आणि कुणीतरी गुजरातीत दामूकाकाला 'आवो, आवो' म्हणालं.